बार्बेक्यू चिकन पिझ्झा : तळ ओला आणि सॉस करपलेला का होतो?

जुळे सोलापुरातील एका ताईंनी विचारले आहे की, घरच्या ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये) त्यांनी तीन वेळा बार्बेक्यू चिकन पिझ्झा केला आणि तिन्ही वेळा तळ मऊ व ओलसर राहिला, कडेचा सॉस काळा पडून कडवट लागला आणि चिकन मात्र चोथ्यासारखे कोरडे झाले. पीठ त्यांनी घरी मळले होते, सॉस बाटलीतला होता आणि चिकनचे कच्चे तुकडे मीठ-मसाला लावून थेट पिझ्झ्यावर ठेवले होते. ‘भट्टी नसेल तर हा पदार्थ घरी होतच नाही का?’ असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

होतो. बेकरीची भट्टी आणि घरचा ओटीजी या दोन्हींवर मी अनेक वर्षे पिझ्झे भाजले आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. जे काम आधी, बाहेर उरकून घ्यायला हवे ते आपण ओव्हनवर सोपवत आहात. पिझ्झा ओव्हनमध्ये जेमतेम आठ-दहा मिनिटे असतो. तेवढ्या वेळात पीठ भाजले जाते आणि चीज वितळते. चिकन नीट शिजणे, सॉसमधले पाणी आटणे, धुराचा वास मुरणे यांपैकी काहीही त्या आठ मिनिटांत होत नाही. कच्चे चिकन वर ठेवले की त्याचे पाणी सुटून खाली पिठात उतरते. ते शिजावे म्हणून आपण पिझ्झा आणखी दहा मिनिटे आत ठेवता, आणि तोवर कडेचा सॉस करपतो. म्हणजे एका चुकीची दुरुस्ती करताना दुसरी घडते.

मूळ पदार्थातही हेच दिसते. हा पिझ्झा इटलीचा नव्हे. १९८५ साली कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे सुरू झालेल्या ‘कॅलिफोर्निया पिझ्झा किचन’ या उपाहारगृहाचा पहिला मेनू एड लाडू या शेफने बांधून दिला, त्यात तो होता. टोमॅटोच्या साध्या सॉसऐवजी बार्बेक्यू सॉस, मोझरेलाच्या जोडीला धुरावलेले गौडा चीज, लाल कांद्याचे पातळ काप, आधी शिजवून सॉसमध्ये घोळवलेले चिकन आणि वरून कोथिंबीर, एवढाच त्याचा मामला आहे. कांदा-कोथिंबीर वाचून आपल्याला काही नवल वाटणार नाही. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, त्यात धुराची चव चीजमधून येते आणि चिकन ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच तयार असते.

आता सॉसकडे वळू, कारण सर्वांत जास्त पिझ्झे तिथेच बिघडतात. बार्बेक्यू सॉस म्हणजे टोमॅटो, व्हिनेगर आणि भरपूर गोड. बाटलीवरील घटकांची यादी पाहिली तर साखर बहुधा पहिल्या दोन-तीन नावांतच सापडेल. चीजखाली झाकलेला सॉस ओला राहतो आणि ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पण जो सॉस कडेला उघडा राहतो त्यातले पाणी दोन-तीन मिनिटांत उडते, मग नुसती साखर २५० अंशांच्या धगीत तापते, आणि साखर १६०-१७० अंशांच्या पुढे गेली की आधी तांबूस आणि लगोलग काळी पडते. म्हणून सॉस कडेपासून दोन बोटे आत थांबवावा आणि त्याच्यापुढे चीजचा एक पदर जाईल, असे पाहावे. दुसरे, सगळा सॉस ओव्हनमध्ये घालूच नये. खाली पातळ थर, आणि उरलेला दोन चमचे सॉस पिझ्झा बाहेर आल्यावर वरून रेघा ओढल्यासारखा सोडावा. बाटलीतलाच सॉस वापरायचा असेल, तर एवढ्या दोन गोष्टींनीही कडवटपणा जाईल.

तरीही मी सॉस घरी करण्याचाच आग्रह धरीन, आणि त्याला सोलापुरात राहणाऱ्या माणसाला एक सोयीचे कारण आहे. अमेरिकेत या सॉसला रंग आणि खोल गोडी मोलॅसिसने येते. आपल्याकडे त्याच्या जागी काकवी उत्तम चालते, आणि उसाच्या या जिल्ह्यात चांगली काकवी मिळणे अवघड नाही. दोन्ही एक मात्र नव्हेत. मोलॅसिस म्हणजे उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर मागे राहिलेला काळा, किंचित कडसर पाक. काकवी म्हणजे गूळ होण्याच्या अलीकडे थांबवलेला आटीव रस. म्हणून काकवीचा सॉस अधिक गोड आणि कमी कडसर होतो, आणि ती कसर अर्धा चमचा काळी मिरी व थोड्या जास्त व्हिनेगरने भरून काढावी लागते. कुणी ओळखीतून साखर कारखान्याची मळी, म्हणजे तिथला मोलॅसिस, आणून देऊ लागला तर ती घेऊ नये. ती आसवनीसाठी, म्हणजे मद्यार्क गाळण्यासाठी असते, स्वयंपाकघरासाठी नाही.

चार पिझ्झ्यांसाठी एक किलो लालबुंद टोमॅटो उकळून, साल काढून, वाटून, गाळून घ्यावेत. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेलावर एक लहान कांदा किसून आणि पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून मंद आचेवर परताव्यात; कांदा तांबूस होऊ देऊ नये, फक्त त्याचा कच्चा वास जावा. त्यात दोन लहान चमचे ब्याडगी मिरचीची पूड, एक लहान चमचा मोहरीची पूड आणि मिरपूड घालून लगेच टोमॅटोचा गर ओतावा, नाहीतर मिरची जळते. गर निम्म्यावर आला की पाच मोठे चमचे काकवी, चार मोठे चमचे व्हिनेगर, दीड लहान चमचा मीठ आणि लिंबाच्या निम्म्या आकाराच्या चिंचेचा कोळ घालावा. काकवी सुरुवातीलाच घातली तर ती बुडाला धरते. थांबायचे कधी, हे घड्याळावर ठरत नाही. थंड ताटलीत चमचाभर सॉस टाकून त्यातून बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या दोन्ही काठांवरून पाणी सुटून ती लगेच मिटली तर सॉस अजून पातळ आहे, आणि ती रेघ तशीच कोरडी राहिली तर झाला. तळ ओला राहण्याची एक बाजू या रेघेने सुटते. सुमारे चारशे ग्रॅम सॉस होतो आणि फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो.

डाळिंबाच्या हंगामात मी चिंच आणि निम्मे व्हिनेगर वगळतो व चार वाट्या डाळिंबाचा रस एक वाटी होईपर्यंत आटवून तो घालतो. सोलापूरच्या डाळिंबाची आंबट-गोड चव धुरावलेल्या कोंबडीबरोबर फार छान बसते. मात्र मसाल्यांच्या बाबतीत हात आवरावा. सोलापुरी काळे तिखट मला कितीही प्रिय असले तरी ते या सॉसमध्ये घालू नये. दगडफूल आणि खोबऱ्याची चव एकदा शिरली की तो चिकनच्या रश्शाचा पिझ्झा होतो. शेंगा चटणीचेही तेच. हौस असेल तर ती भाजून झालेल्या पिझ्झ्याच्या काठावर भुरभुरावी, ओव्हनमध्ये शेंगदाण्याचा कूट करपतो.

चिकनसाठी छातीचा भाग न घेता मांडीचे बोनलेस मांस घ्यावे. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि पिझ्झ्यावर ते दुसऱ्यांदा तापते, म्हणून त्याचा चोथा होतो. चार पिझ्झ्यांना साडेचारशे ग्रॅम पुरते. त्याला एक लहान चमचा मीठ, थोडे तेल, मिरची पूड आणि लसूण लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. उन्हाळ्यात ओट्यावर मुळीच ठेवू नये, चाळीस अंशांच्या हवेत कच्चे चिकन तासाभराहून अधिक बाहेर राहणे धोक्याचे आहे. या मुरवणात काकवी किंवा सॉस घालायचा नाही, कारण तव्यावर तो मांसाआधी जळतो. बिडाचा तवा चांगला तापवून मांडीचे तुकडे अख्खेच ठेवावेत, तीन-चार मिनिटे हात न लावता एक बाजू खरपूस होऊ द्यावी, मग उलटावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मांसाच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसले पाहिजेत. नसेल तर तिथे सुरी खुपसून बाहेर येणारा रस गुलाबी नाही ना, हे पाहावे. पाच मिनिटे निवल्यावर बोटाच्या पेराएवढे तुकडे करून तीन-चार चमचे सॉसमध्ये घोळवावेत. ताटात सुटलेला रस पिझ्झ्यावर न ओतता सॉसच्या पातेल्यात घालून एक उकळी आणावी.

राहिला धूर. धुरावलेले गौडा चीज आपल्याकडे सहजी मिळत नाही, आणि मिळाले तरी त्याची किंमत पाहून उत्साह मावळतो. म्हणून धूर चीजमधून न आणता चिकनमधून आणायचा. आपण भरीत किंवा डाळीला धुंगार देतो तसाच. घोळवलेले चिकन खोलगट भांड्यात घ्यावे, मध्ये स्टीलची वाटी ठेवावी, तीत लाल फुललेला लाकडी कोळसा ठेवून अर्धा चमचा तेल टाकावे आणि घट्ट झाकण लावावे. चार-पाच मिनिटे पुरतात. त्याहून अधिक ठेवले तर धुराचा वास न राहता काजळीची कडू चव येते. कोळसा राखेने पांढुरका झाल्याशिवाय आत ठेवू नये, कारण अर्धवट पेटलेल्या कोळशाचा धूर जिभेला झोंबतो.

इथे माझी एक चूक सांगतो. एका पावसाळ्यात अंगणात सोय नव्हती म्हणून मी शेगडी स्वयंपाकघरात आणली आणि पावसाचे शिंतोडे येतात म्हणून खिडकी लावून घेतली. अर्ध्या तासात डोके जड झाले, मळमळू लागले, आणि घरच्यांनी मला ओढून बाहेर आणले तेव्हा कळले की कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. तेव्हापासून कोळसा बाहेर किंवा उघड्या गॅलरीतच फुलवतो आणि वाटीपुरता एक निखारा चिमट्याने आत आणतो.

पिठाच्या बाबतीत सोलापूरचा उन्हाळा हा वेगळा विषय आहे. चार पिझ्झ्यांना ५०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम साखर आणि फक्त २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, म्हणजे लहान चमच्याचा दोन तृतीयांश भाग. मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिने किती ते छापलेले असते. ११ ग्रॅम किंवा अधिक असतील तो मैदा घ्यावा, सुट्या मैद्याचा भरवसा नसतो. साखर गोडीसाठी नाही, भट्टीपेक्षा थंड असलेल्या ओटीजीमध्ये काठाला रंग यावा म्हणून आहे.

पुस्तकांत ‘कोमट पाणी घ्या’ असे लिहिलेले असते, आणि मे महिन्यात सोलापुरात तेच नडते. बेकरीत आम्ही एक साधा हिशोब करतो. मळून झालेल्या पिठाचे तापमान २५ अंश हवे असेल तर २५ ला ३ ने गुणून ७५ घ्यायचे, आणि त्यातून खोलीचे व मैद्याचे तापमान वजा करायचे. उरते ते पाण्याचे. मे महिन्याच्या दुपारी खोली ३८ अंश आणि मैदा ३६ अंश असला तर उत्तर येते १. म्हणजे बर्फाचेच पाणी. कोमट पाण्याने मळलेले पीठ अशा हवेत दोन तासांत फुगून खाली बसते, आंबूस वास येतो आणि ताणताना फाटते. मग आपण त्याला लाटण्याने दाबतो, सगळी हवा निघून जाते आणि तळ खुसखुशीत न होता चामड्यासारखा चिवट होतो. बर्फाच्या पाण्याने मळून, दहा मिनिटे चांगले तिंबून, दोनशे ग्रॅमचे चार उंडे करावेत आणि तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास फ्रिजमध्ये ठेवावेत. उन्हाळ्यात वापरण्याच्या पाऊण तास आधी बाहेर काढावेत, डिसेंबरमध्ये दोन तास आधी.

ज्वारीचे पीठ चालेल का, हे मला सोलापुरात हमखास विचारले जाते. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारे प्रथिन, नसते, म्हणूनच भाकरी थापावी लागते आणि पोळीसारखी ताणून लाटता येत नाही. मैद्यात पन्नास ग्रॅमपर्यंत ज्वारी मिसळली तर चव छान येते, त्यापुढे पीठ फाटू लागते. पण ज्वारीचा खरा उपयोग उंडा घोळवण्यासाठी आहे. मैदा तव्यावर करपून कडू होतो, ज्वारीच्या पिठाने उंडा सुटसुटीत सरकतो. आणि भाकरी थापणाऱ्या हाताला पिझ्झा पसरवायला शिकवावे लागत नाही. बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जायचे, फक्त कडेची अंगठ्याएवढी पट्टी दाबायची नाही.

आता ओटीजी. ओला तळ येण्याचे उरलेले कारण म्हणजे आपला थंड, पातळ अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे. त्याऐवजी बिडाचा तवा उलटा करून मधल्या जाळीवर ठेवावा (लाकडी मुठीचा नको) आणि २५० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू ठेवून, किमान चाळीस मिनिटे तापवावा. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांत विझतो तो आतली हवा तापली म्हणून. तवा तेव्हा निम्माही तापलेला नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाबही खाली येतो, आणि कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर २,००० वॅट देणारी कॉइल १९० व्होल्टवर सुमारे १,३६५ वॅटच देते. म्हणून घरातले दिवे मंद वाटत असतील त्या दिवशी तव्याला तासभर द्यावा, किंवा सरळ रात्री नऊनंतर पिझ्झा करावा. पंख्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी, तिने चीज वाळते.

पसरवलेला दहा इंची पिझ्झा ज्वारीचे पीठ भुरभुरलेल्या ताटाच्या पाठीवर घ्यावा आणि मग झटपट सजवावा, कारण पाच मिनिटे गेली की तो ताटाला चिकटतो. अडीच चमचे सॉस, नव्वद ग्रॅम मोझरेला, पंधरा ग्रॅम किसलेले प्रक्रिया केलेले चीज, त्यावर ऐंशी-नव्वद ग्रॅम चिकन आणि मूठभर कांदा. मोझरेला लादीचा आणून घरी किसावा. किसून मिळणाऱ्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट वितळत नाही. नुसते प्रक्रिया केलेले चीज वापरू नये, त्याला तार येत नाही, मात्र थोड्या प्रमाणात ते गौड्याचा खारट, लोण्यासारखा गुण भरून काढते. कांदा पातळ चिरून दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून फडक्यावर कोरडा करावा. लक्ष्मी मंडईतला आपला कांदा तिखट असतो, आणि कच्चा, ओला तसाच टाकला तर तोही पाणी सोडतो. चीज अधिक घातल्याने पिझ्झा अधिक चांगला होतो हा समज सोडावा. अधिक चीज म्हणजे अधिक पाणी आणि तूप.

ताट तव्याच्या मागच्या कडेला टेकवून एका हिसक्यात मागे ओढावे. धीर होत नसेल तर बेकिंग पेपरवरच पिझ्झा सरकवावा आणि तीन मिनिटांनी पीठ धरले की चिमट्याने कागद ओढून घ्यावा. आठ ते दहा मिनिटांत काठावर तपकिरी ठिपके येतात. उलथन्याने एक कड उचलून खाली पाहावे. भाकरीवर पडतात तसे डाग दिसले की काढावा. तळ झाला आणि वरचे चीज फिके असेल तर शेवटची दोन मिनिटे पिझ्झा वरच्या जाळीवर न्यावा. बाहेर आल्यावर ताटात न ठेवता जाळीवर ठेवावा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने तो पुन्हा ओला होतो. दोन मिनिटांनी उरलेला सॉस आणि कोथिंबीर घालून कापावा. कोथिंबीर ओव्हनमध्ये कधीही जाऊ नये.

ओटीजी नसणाऱ्यांनी पसरलेले पीठ कोरड्या तापल्या तव्यावर झाकण ठेवून अडीच मिनिटे भाजावे, उलटावे, भाजलेल्या बाजूवर सगळे घालून पुन्हा झाकून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावे. चीजला डाग पडणार नाहीत, बाकी काही बिघडत नाही.

एक गोष्ट घरोघरी विसरली जाते. पहिला पिझ्झा निघाल्यावर तव्यातली बरीच उष्णता त्याच्याबरोबर गेलेली असते. दुसरा लगेच टाकला तर पुन्हा ओल्या तळाची तक्रार येईल, म्हणून मध्ये दहा मिनिटे दार लावून तवा तापू द्यावा. तेवढ्या वेळात पहिला खाऊन होतो. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये न घालता त्याच बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, कडेला पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण ठेवून गरम करावा.